पाच नळ्या, दहा वॅट

जुन्या रेडिओच्या पाठीमागचा पुठ्ठा काढून आत डोकावण्याची संधी ज्यांना एकदा मिळाली आहे, त्यांना तो देखावा सहसा विसरता येत नाही. धुळीच्या थराखाली पत्र्याची बैठक, तिच्यावर ओळीने उभ्या असलेल्या काचेच्या चार-पाच नळ्या, आणि बटण फिरवल्यावर अर्ध्या मिनिटात त्या नळ्यांच्या पोटात हळूहळू उमटणारा नारिंगी उजेड. आमच्या बेळगावकडील रेडिओ दुरुस्त करणारे या वस्तूला ‘व्हॉल’ म्हणत. इंग्रजांनी तिला ‘व्हॉल्व्ह’ म्हटले, अमेरिकनांनी ‘ट्यूब’, आणि आपल्या शास्त्रीय परिभाषेत ती ‘निर्वात नलिका’ झाली. या लेखापुरते आपण तिला नुसते ‘नळी’ म्हणू.

आमच्या शाळेतील विज्ञान मंडळाच्या काही विद्यार्थ्यांनी अशा पाच नळ्यांचा एक अॅम्प्लिफायर, म्हणजे ध्वनीचा विवर्धक, स्वतः बांधावयाचे मनावर घेतले. शाळेच्या कपाटात जुन्या ध्वनिमुद्रिका पडून होत्या. त्या ऐकाव्यात हा एक हेतू, आणि वर्गात शिकलेली वीज डोळ्यांनी दिसावी हा दुसरा. जोडणीचे काम सहा आठवड्यांत झाले. नळ्या मिळविण्यास मात्र अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते जोडणीच्या सहा आठवड्यांत शिकलो नाही, म्हणून हा लेख मुख्यतः त्या शोधाविषयीच आहे.

प्रथम नळी करते काय, हे थोडक्यात पाहू. १८८३ साली एडिसनला आपल्या विजेच्या दिव्यांवर प्रयोग करीत असता असे आढळले की, दिव्यातील तप्त तंतूपासून पलीकडच्या एका निराळ्या धातूच्या पट्टीकडे, मधल्या निर्वात पोकळीतून, प्रवाह वाहू शकतो. त्याने याची नोंद केली, पण तिचा उपयोग त्याच्या ध्यानी आला नाही. तो उपयोग फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली करून दाखविला. तप्त ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धनाग्राकडे धावतात. उलट दिशेने मात्र प्रवाह जात नाही. विहिरीवरच्या पंपातील झडप पाण्याला एकाच दिशेने जाऊ देते, तसेच हे. आणि ‘व्हॉल्व्ह’ या शब्दाचा अर्थही झडप हाच. पुढे १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने ऋणाग्र आणि धनाग्र यांच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली. सगळा चमत्कार या जाळीत आहे. जाळीवर थोडासा ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉन मागे रेटले जातात. तो दाब किंचित कमी केला की त्यांचा लोंढा वाढतो. पाटावरचे दार एक मूल वीतभर खालीवर करते आणि त्यासरशी शेतात जाणाऱ्या पाण्याचा सारा प्रवाह बदलतो. मुलाच्या हातचे बळ ते किती आणि पाण्याचे किती! ध्वनिमुद्रिकेवरील सुईने निर्माण केलेला क्षीण विद्युद्दाब हे ते मूल, आणि धनाग्राकडे जाणारा प्रवाह हे ते पाणी. ज्या नळीचा आपल्याला पुढे शोध घ्यावयाचा आहे, त्या ‘ईसीसी ८३’ची विवर्धन-संख्या १०० आहे, म्हणजे जाळीवरील एका व्होल्टाचा बदल धनाग्रावरील शंभर व्होल्टांच्या बदलाइतका परिणामकारक असतो.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला, आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत नळ्यांचे राज्य बहुतेक ठिकाणी संपले. मग आज कोणी नळ्यांच्या मागे का लागावे? नळ्यांचे भक्त म्हणतात की तिचा आवाज अधिक गोड. याविषयी खरे तेच सांगावे. मोजमापाने पाहिले तर आजचा चांगला ट्रान्झिस्टर-विवर्धक विकृती कमी करतो, वीज कमी खातो आणि किमतीलाही हलका पडतो. नळीचा विवर्धक कुवतीबाहेर चालविला असता एकदम फाटत नाही, हळूहळू भरडा होत जातो, आणि त्याची ही विकृती कानाला तितकी बोचत नाही, एवढे मात्र खरे. आमच्या मुलांना नळी आवडली ती निराळ्याच कारणासाठी: तिच्यात काय कोठे आहे ते काचेतून दिसते. ट्रान्झिस्टरच्या काळ्या ठिपक्यात काय चालले आहे ते गुरुजींच्या शब्दावर मानावे लागते.

विवर्धकाचा आराखडा आम्ही नवा केला नाही. इंग्लंडातील मुलार्ड कंपनीने १९५०–६० या दशकात हौशी लोकांसाठी काही आराखडे प्रसिद्ध केले, आणि १९५९ साली ते एका पुस्तकात एकत्र आणले. त्यांपैकी एकाचे नाव ‘पाच-दहा’: नळ्या पाच आणि शक्ती दहा वॅट. नाव इतके सरळ असावे याचे आम्हाला फार कौतुक वाटले. त्यात पहिली नळी ‘ईएफ ८६’. ती अत्यंत क्षीण संकेत हाती घेते. दुसरी ‘ईसीसी ८३’. हिच्या एकाच काचेत दोन नळ्या असतात, आणि त्या दोघी मिळून संकेताच्या परस्परविरुद्ध अशा दोन प्रती करतात. त्या प्रती दोन ‘ईएल ८४’ नळ्यांकडे जातात. या दोघी विवर्धकाच्या खऱ्या कष्टकरी. लाकूड कापावयाची मोठी करवत दोन टोकांना दोघे धरतात, एकजण ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, मग दुसरा ओढतो. तशा या दोन नळ्या आळीपाळीने रोहित्रातून प्रवाह ओढतात, आणि ते रोहित्र ध्वनिक्षेपकाला चालविते. पाचवी नळी ‘ईझेड ८१’. ती उलटसुलट प्रवाहाचा एकदिश प्रवाह करून बाकीच्या चौघींना पुरविते.

आता नळ्यांच्या नावांविषयी, कारण शोध करणाऱ्याला ही बाराखडी आली नाही तर तो पहिल्याच दुकानात फसतो. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापक तंतूविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे तंतूला ६·३ व्होल्ट हवेत. दुसरे अक्षर नळीचा प्रकार सांगते: ‘सी’ म्हणजे एक जाळी असलेली साधी नळी, आणि ‘सीसी’ म्हणजे तशा दोन, ‘एफ’ म्हणजे क्षीण संकेतासाठी असलेली तीन जाळ्यांची नळी, ‘एल’ म्हणजे शक्ती देणारी, ‘झेड’ म्हणजे दोन्ही अर्ध्या लहरींचा उपयोग करणारी एकदिशकारक. आकड्यातील ‘आठ’ बुडाला नऊ बारीक काड्या असलेली लहान बैठक दर्शवितो. म्हणून ‘ईएल ८४’ या चार चिन्हांतच निम्मी माहिती येऊन जाते.

हे ठाऊक नसल्यामुळे होणारी एक चूक आमच्या डोळ्यांसमोर घडली. एका विद्यार्थ्याने मोठ्या आनंदाने एक नळी आणली. आकार तोच, काड्या नऊ, आणि आकडाही ८४. परंतु तिचे नाव होते ‘यूएल ८४’. जुन्या काळी रोहित्राशिवाय चालणारे स्वस्त रेडिओ असत. त्यांत सर्व नळ्यांचे तंतू दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असत, आणि त्या मालिकेच्या नळ्यांना ‘यू’ हे अक्षर. ‘यूएल ८४’च्या तंतूला ४५ व्होल्ट लागतात, आपल्या ६·३ व्होल्टांवर ती डोळासुद्धा उघडणार नाही. याच्या उलट, खेड्यापाड्यांतून बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओंत ‘डी’ अक्षराच्या नळ्या असत. त्यांच्या तंतूला जेमतेम १·४ व्होल्ट पुरतात, आणि ६·३ व्होल्ट दिले तर क्षणात जळून जातात.

देशोदेशी एकाच नळीला निरनिराळी नावे असतात, हे आणखी एक प्रकरण. ‘ईएल ८४’ला अमेरिकेत ‘६ बीक्यू ५’ म्हणतात, आणि रशियन नळी ‘६ पी १४ पी’ तिच्याच जागी चालते. ‘ईसीसी ८३’ म्हणजेच अमेरिकन ‘१२ एएक्स ७’. ‘ईझेड ८१’ म्हणजे ‘६ सीए ४’. ही नावे ज्याला पाठ आहेत त्याला बाजारात चौपट माल दिसू लागतो. पण येथेही खड्डा आहे. ‘६ एन २ पी’ ही रशियन नळी गुणांनी ‘ईसीसी ८३’च्या पुष्कळ जवळची म्हणून कोणी हाती देतो, बैठकीतही ती बरोबर बसते. मात्र तिच्या तंतूची टोके निराळ्या रीतीने काढलेली आहेत. ‘ईसीसी ८३’मध्ये चौथी आणि पाचवी काडी एकत्र जोडून तंतूची एक बाजू करतात व नववी ही दुसरी, रशियन नळीचा सबंध तंतू चौथ्या व पाचव्या काडीच्या मध्येच आहे. त्या दोन काड्या एकत्र जोडलेल्या असल्या म्हणजे तंतूच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच, आणि दाबात फरक नाही तेथे प्रवाह कसला? आमची नळी पेटली नाही ती याच कारणाने. दहावीतील एका मुलीने कागदावर आकृती काढून हे शोधले. आम्ही मोठी माणसे तोवर बैठकीचे टाके तपासत बसलो होतो.

शोध कोठे करावा? मुंबईचा लॅमिंग्टन रोड, हैदराबादेतील कोठीची गुजराती गल्ली, बंगळूरचा एस. पी. रोड ही विद्युत्सामानाची प्रसिद्ध ठिकाणे. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही मोडीची. बेळगावहून आम्हाला बंगळूर सोयीचे, आणि तेथे जाण्यास आणखी एक कारण होते. संरक्षण खात्याची ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ ही संस्था १९५४ साली बंगळुरास स्थापन झाली आणि १९६१ पासून तेथे रेडिओच्या नळ्या तयार होऊ लागल्या. आपल्या देशातील कितीतरी घरांतून जे संगीत आणि ज्या बातम्या ऐकल्या गेल्या, त्या बंगळुरात बनलेल्या या नळ्यांतून. त्यांच्यावर ‘बी. ई. एल.’ ही अक्षरे असतात. परदेशी नावाची नळी मिळावी म्हणून आटापिटा करणाऱ्या आमच्या मुलांना मी मुद्दाम या अक्षरांकडे पाहण्यास सांगितले. चांगल्या स्थितीतील बी. ई. एल. नळी पुष्कळदा निम्म्या किमतीस मिळते, आणि काम चोख करते.

एस. पी. रोडवर आम्ही दिवसभर फिरलो. नव्या दुकानांतून नळीचे नाव काढताच पोरसवदा विक्रेते हसत. अखेर एका बोळात, माळ्यावर पत्र्याचे डबे ठेवलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे ‘ईसीसी ८३’ निघाली, बी. ई. एल.ची, मूळ खोक्यातील, कधीही न वापरलेली. ‘ईझेड ८१’ आम्हाला बेळगावातच, रेडिओ दुरुस्तीचे काम कधीच सोडून दिलेल्या एका कारागिराच्या खिळ्यांच्या डब्यात सापडली. ‘ईएफ ८६’ साध्या रेडिओत नसते हे आम्हाला उशिरा कळले. जेथे संकेत फार क्षीण तेथे ती. म्हणजे जुने टेपरेकॉर्डर, सभासमारंभांचे जुने विवर्धक, यांत शोधावी. एका बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधून ती निघाली.

राहिल्या दोन ‘ईएल ८४’. वस्तुतः ही नळी फार प्रचारातली. पण साध्या रेडिओत ती एकच असते, आणि आम्हाला हवी होती जोडी. त्याच कारागिराकडे वाळवीने खाल्लेल्या एका रेडिओच्या सांगाड्यात एक मिळाली. दुसरीसाठी कोणीतरी पत्ता दिला: शहापुरात एका घरी मोठा रेडिओ आहे, आजी एकट्याच असतात, रेडिओ बंद आहे, देऊन टाकतील.

आम्ही गेलो. रेडिओ खरोखरच देखणा होता. वर भरतकामाचे आच्छादन, आणि मागे पुठ्ठ्याला टाचलेले परवान्याचे पुस्तक. आजी म्हणाल्या, ‘‘घेऊन जावा की, सर. पोरांच्या कामाला येतंय तर माझं काय? तो गुरगुरतोय नुसता, बोलत नाही.’’ मुलांचे चेहरे उजळले. मी पुठ्ठा काढला. ‘ईएल ८४’ जागेवर होती, काचेवरचा रुपेरी आरसा स्वच्छ होता. तिला काढण्यास दोन बोटे पुरेशी होती.

‘गुरगुरतोय’ या आजींच्या शब्दाने माझा हात थांबला. जो रेडिओ गुरगुरतो तो मेलेला नसतो. त्याचा प्रवाह गाळणारे कंडेन्सर वाळलेले असतात, एवढेच. आणि त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट बहुधा बिघडलेली असते: आधीच्या नळीपासून ‘ईएल ८४’च्या जाळीकडे संकेत नेणारा लहान कंडेन्सर. त्याने संकेत जाऊ द्यावा आणि मागचा मोठा धन दाब अडवावा, असे त्याचे काम. जुनेपणामुळे तो झिरपू लागला की धन दाब जाळीवर येतो, पाटाचे दार उघडेच राहते, आणि नळी नेमलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह ओढून स्वतःला भाजून घेते. नळ्या काढून घेऊन जुन्या रेडिओंचे लाकडी खोके मोडीत घालणारे व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांनी काढून नेलेल्या कितीतरी रेडिओंत दोष होता तो अशा काही रुपयांच्या कंडेन्सरांत. मुलांना मी हे तेथेच, आजींच्या देखत, समजावून सांगितले. एकजण जरा नाराजीने म्हणाला, ‘‘सर, पण मग आपली जोडी?’’ त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. सात महिने तो याच नळीसाठी हिंडत होता.

पुढच्या रविवारी आम्ही कंडेन्सर घेऊन पुन्हा शहापुरास गेलो. तीन कंडेन्सर बदलले. इतकी वर्षे बंद असलेले यंत्र एकदम पूर्ण दाबावर चालवू नये म्हणून साठ वॅटचा पिवळ्या उजेडाचा साधा दिवा त्याच्याशी एकसर जोडला. आत कोठे प्रवाह सरळ वाहून जात असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि यंत्र वाचते. (हे दिवे आता नळ्यांइतकेच दुर्मिळ होत चालले आहेत. दिसले तर दोन-चार घेऊन ठेवावेत.) दिवा प्रथम उजळला, मग मंद झाला, हे शुभचिन्ह. एका मिनिटाने काटा फिरविता फिरविता मध्यम लहरींवर धारवाड केंद्र लागले. आजींनी आतून खुर्ची आणून रेडिओसमोर ठेवली आणि त्या बसल्या. नळीचा विषय मग कोणी काढला नाही.

जोडी आम्ही टपालाने मागविली, आणि फसलो. विक्रेत्याचे नाव देण्याचे कारण नाही. ‘जुनी, न वापरलेली, इंग्लंडची’ असे वर्णन, आणि किंमतही त्या वर्णनाला साजेशी. दोन्ही नळ्यांवर मुलार्डचे नाव पिवळसर रंगात ठसठशीत छापलेले होते. येथे ओळखीच्या काही खुणा सांगतो. खऱ्या जुन्या मुलार्ड नळीवरचे नाव इतके कच्चे असते की अंगठ्याने चोळल्यास निघून येते. म्हणून जुन्या नळीवरचे नाव अर्धवट पुसलेले असले तर ते वाईट लक्षण नव्हे. न पुसणारी खूण बुडाजवळ काचेतच, फिकट राखाडी अक्षरांत कोरलेली असते. तिच्या दुसऱ्या ओळीत ‘बी ४ जी २’ यासारखी चिन्हे असतात. ‘बी’ म्हणजे लँकेशायरमधील ब्लॅकबर्नचा कारखाना. ‘४’ हा वर्षाचा शेवटचा आकडा. ‘जी’ हे इंग्रजी वर्णमालेतील सातवे अक्षर, म्हणजे जुलै. ‘२’ म्हणजे दुसरा आठवडा. साल १९६४ की १९७४, हे मात्र अक्षरे सांगत नाहीत. ते नळीच्या आतल्या रचनेवरून ठरवावे लागते. एकाच कारखान्याच्या नळ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने विकल्या जात, त्यामुळे खोक्यावर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ नसतो. खोके नवे छापता येते. काच पुन्हा कोरणे तितके सोपे नाही.

आमच्या दोन्ही नळ्यांवर अशी चिन्हे नव्हती. नाव चोळून निघेना. शिवाय आतली रचना जुळेना: एकीच्या टोकाशी गोल कड्यासारखी बारीक तार होती, दुसरीत तेथे लहानशी वाटी. या कड्यात किंवा वाटीत बेरियम हा धातू ठेवलेला असतो. नळी तयार करताना तो तापवून उडवितात आणि काचेवर त्याचा आरसा बसतो. उरलीसुरली हवा शोषून घेणे हे त्या आरशाचे आयुष्यभराचे काम. नळीत हवा शिरली की बेरियमचे ऑक्साइड होते आणि रुपेरी आरसा दुधासारखा पांढरा पडतो. जुनी नळी हातात घेतल्यावर सर्वांत आधी पाहावे ते हे. आमच्या वाटीवाल्या नळीच्या टोकाला कडेकडेने पांढरी झाक दिसत होती, आणि दोन दिवसांत ती पूर्ण पांढरी झाली. प्रवासात काचेला केसाएवढी चीर गेली असावी. पैसे परत मिळाले नाहीत. ते पैसे मुलांनी रद्दी विकून जमविलेले होते, आणि घाई मी केली होती; नळ्यांची छायाचित्रे नीट पाहिली असती तर आतला फरक तेव्हाच दिसला असता.

शेवटी आम्ही नवी जोडी घेतली. नळ्या अजूनही जगात तयार होतात. रशियातील सारातोव्ह येथे, चीनमध्ये, आणि स्लोव्हाकियातील चाद्त्सा या गावी. आमची जोडी त्या गावची. जुन्याच्या नादी लागलेले लोक नव्या नळीला नाक मुरडतात. आमच्या मते विवर्धक बांधणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या वेळी शक्तीच्या नळ्या नव्याच घ्याव्यात. जुन्या घ्यावयाच्या तर ‘ईसीसी ८३’सारख्या कमी प्रवाहाच्या घ्याव्यात, त्या फार झिजत नाहीत.

जोडी जुळली आहे की नाही हे पाहण्यास ओहमचा नियम पुरतो. प्रत्येक ‘ईएल ८४’च्या ऋणाग्राला एक रोध असतो. तो २७० ओहमचा असून त्यावर १०·८ व्होल्ट दिसले तर प्रवाह ४० मिलिअँपिअर. दोन्ही नळ्यांचे प्रवाह जवळजवळ सारखे असले की रोहित्राच्या गाभ्यावरील त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांस छेदतात. एक नळी अधिक ओढू लागली तर गाभा एकाच बाजूला चुंबकित होतो, आणि तबल्याच्या डग्ग्याचा आवाज सर्वांत आधी बिघडतो. आमच्या नळ्या ३९ आणि ४१ निघाल्या. हे मोजमाप विवर्धक चालू असताना करावे लागते, म्हणून आता जे लिहितो ते कोणी वरवर वाचू नये.

या विवर्धकात तीनशे व्होल्टांहून अधिक एकदिश दाब असतो. त्याने माणूस मरतो. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो दाब साठून राहतो. बटण बंद आहे, तार काढलेली आहे, आणि तरी धक्का बसतो. आमच्या एका विद्यार्थ्याला असा धक्का बसला. तार काढून दोन मिनिटे झाली होती. त्याचा हात इतक्या जोराने मागे आला की कोपर भिंतीवर आपटून फुटले; हात मागे आला हे त्याचे भाग्य. कंडेन्सर आपोआप रिकामा करणारा रोध मूळ आराखड्यात नाही असे समजून तो प्रथम बसवावा, ही गोष्ट मी त्याला आधी सांगावयास हवी होती. त्या दिवसापासून आमचा नियम असा: बैठक उलटी करण्यापूर्वी मोजणी-यंत्राने दाब पाहावयाचा आणि तो शून्याजवळ आल्याचे दोघांनी मोठ्याने म्हणावयाचे, चालू यंत्रात एकच हात, दुसरा पाठीमागे, आणि जाणत्या मोठ्या माणसाविना पेटी उघडावयाचीच नाही.

नळी खरेदी करताना दुकानात करता येण्याजोग्या दोन परीक्षा मात्र निर्धोक आहेत. तंतू शाबूत आहे की नाही हे मोजणी-यंत्राने पाहता येते. ‘ईएल ८४’च्या चौथ्या व पाचव्या काडीमध्ये फक्त एक-दोन ओहम रोध दिसावा. (तापल्यावर हाच रोध आठ ओहमांच्या वर जातो, ६·३ व्होल्टांना ०·७६ अँपिअरने भागून पाहा. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य येथे बोटाला लागते.) दुसरी परीक्षा म्हणजे नळी कानाजवळ धरून हलकेच हलविणे, आत काही सुटलेले असेल तर कळते. विवर्धकात बसविल्यावर ‘ईएफ ८६’ला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारावी. आमची नळी प्रत्येक टिचकीला घंटेसारखी वाजे, कारण आतली जाळी किंचित सैल झालेली होती. तिच्या बैठकीखाली रबराच्या चकत्या घातल्यावर ते बरेच कमी झाले. पूर्ण गेले नाही.

स्नेहसंमेलनाच्या आधी आम्ही एक गंमत केली. पडद्यामागे आपला ‘पाच-दहा’ आणि शाळेचा नेहमीचा विवर्धक ठेवून एकच ध्वनिमुद्रिका दोन्हींवर सारख्या आवाजात ऐकविली, आणि कोणता कोणता ते विचारले. काहींनी ओळखले, काहींनी नाही. ज्यांनी छातीठोकपणे सांगितले त्यांत चुकलेले अधिक होते, आणि मीही त्यांतलाच.

कारागिराकडून आणलेली ती पहिली एकटी ‘ईएल ८४’ मात्र आमच्याजवळ उरली. जोडीशिवाय तिचा आम्हाला उपयोग नव्हता. मुलांनी ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून शहापुरास नेली आणि आजींच्या रेडिओच्या खोक्यात तळाशी, परवान्याच्या पुस्तकाजवळ, ठेवून दिली; कागदावर नळीचे नाव आणि ती कोणत्या जागी बसवावी ते लिहिले आहे.